सेवा करून घेण्याची पाळी

समाजसेवेची आवड प्रत्येक माणसात उपजतच असते. ती बाहेर काढायला मात्र घरच्यांना खपावं लागतं.

माझे दाजी पाणीपुरवठा खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले आणि ताईला घरबसल्या साहेब मिळाला. ताई शिवणकाम करते. ती मशीनवर बसली की दाजी हात मागे बांधून उभे राहत आणि टीप वाकडी जात असल्याचं तिच्या निदर्शनास आणून देत. गॅसची आच, डब्यांची झाकणं, केर काढण्याची दिशा, सगळ्यात त्यांनी जातीने लक्ष घातलं. (केर काढणाऱ्या बाई पहिल्याच आठवड्यात काम सोडून गेल्या. रिक्त पदावर ताईची नेमणूक झाली.)

अशात वाचनालयाच्या दारावरची ‘समाजाला आपले दोन तास द्या’ ही पाटी ताईच्या नजरेस पडली. दोनच का, हे तिने आत जाऊन विचारलंसुद्धा, आणि तिथल्या बाईंकडे दाजींचं नाव देऊन आली.

दाजी आधी नाही म्हणाले. आयुष्यभर जनतेची सेवाच केली, असं त्यांचं म्हणणं. (जनतेचं म्हणणं उपलब्ध नाही.) पण वृद्धाश्रमाला अनुभवी माणूस हवाय असं ताईने सांगितल्यावर ते विरघळले.

माणसाची सेवावृत्ती बहुधा रविवारी सकाळीच जागी होत असल्यामुळे आश्रमात त्या दिवशी उभं राहायला जागा नव्हती. नखं कापणारे आले होते, गाणी म्हणणारे आले होते, फळं वाटून फोटो काढणारे आले होते. एका आजोबांची नखं तेवढ्यात दोनदा कापून झाली होती. व्यवस्थापक बाईंनी दाजींच्या हातात वर्तमानपत्र दिलं आणि त्यांना आश्रमातच राहणाऱ्या एका निवृत्त नर्ससमोर बसवलं. तिला सगळे सिस्टर म्हणत. दाजी एक बातमी वाचत आणि ती फाईल आपल्या टेबलावर आली असती तर काय झालं असतं, हे सविस्तर समजावून सांगत. सिस्टर डोळे उघडे ठेवून ऐकत असे. ही साधी गोष्ट नव्हे.

दाजी खुलले. घरी ताईची टीप सरळ जाऊ लागली.

मग एका रविवारी ते जरा लवकर पोचले. व्हरांड्यात सिस्टर आणि नखंवाले आजोबा बोलत होते.

“आज पाणीखातं कुणाकडे?” आजोबांनी विचारलं.

“माझ्याकडेच.”

“गेल्या खेपेलाही तूच घेतलंस.”

“असू दे. घरी कुणी ऐकत नसणार त्यांचं. आपले दोन तास जातात, पण त्यांचा आठवडा बरा जातो.”

दाजी आल्या पावली परतले. पुढच्या रविवारी गेलेच नाहीत. खुर्चीत बसून राहिले. ताईने मला फोन केला. तिचा आवाज बारीक झाला होता. “हे काही बोलतच नाहीत रे. मुद्दाम गॅस मोठा ठेवला, तरी उठले नाहीत.”

दाजी खरंच खचले होते. जिथे आपण उपकार करायला जातो तिथे आपल्यावरच उपकार चालले आहेत, हे पचवायला हेडक्लार्कच्या नोकरीत सोय नसते.

त्यानंतर एका सोमवारी सिस्टरचा फोन आला. स्वयंपाकीण तापाने आडवी होती आणि सोमवारी सेवेला कुणी येत नाही.

“वाचून दाखवायला येऊ?” दाजींनी विचारलं.

“नको. भांडी घासायची आहेत.”

दाजींनी जन्मात कप विसळला नव्हता. तरी गेले. पातेल्यांचा ढीग त्यांच्या कमरेपर्यंत आला होता. सिस्टर शेजारी स्टूल घेऊन बसली आणि कुठे काळं राहिलंय, कुठे साबण राहिलाय, हे त्यांच्या निदर्शनास आणून देऊ लागली. दाजी मुकाट्याने घासत होते. शेवटी मान वर न करता म्हणाले, “त्या दिवशी मी सगळं ऐकलं.”

“म्हणजे ऐकता येतं तुम्हाला,” सिस्टर म्हणाली. “मग ती कढई परत घासा.”

दाजींनी घासली. वर्तमानपत्र वाचताना मिळालं नव्हतं असं काहीतरी त्या दुपारी मिळालं असावं, कारण आता ते आठवड्यातून तीन दुपारी तिथे जातात. त्यांच्याभोवती कुणी फोटो काढत नाही. (घरी अजूनही कप विसळत नाहीत. ते समाजकार्यात मोडत नाही, असं त्यांचं मत आहे.)

आश्रमात वाचन, गायन आणि नखं या विभागांत तूर्त जागा नाही. भांडी विभागात भरपूर आहे. हे वाचताना या कामाला अगदी योग्य असा एखादा माणूस तुमच्या डोळ्यांसमोर आलाच असेल: सासरे, शेजारी, जुने साहेब. सगळ्यांच्याच येतो. वाचनालयातल्या बाई सांगतात, लोक रोज उत्साहाने नावं देऊन जातात. स्वतःचं मात्र अजून कुणी दिलेलं नाही. तेव्हा तुम्ही कुणाचं नाव द्यायला निघण्याआधी घरात एकदा विचारून घ्या. तुमचं देऊन झालं असण्याची शक्यता नाकारता येत नाही.