नोंद क्रमांक ४१२: बहुधा किटली

मी ठरवलं म्हणजे ठरवलं. आपलं चित्र कार्यालयाच्या भिंतीवर लागणार, तेही काउंटरच्या अगदी समोर. कुणाला हसायचं असेल त्याने खुशाल हसावं. त्रेपन्नाव्या वर्षी माणसाने रंगाची पेटी विकत घेतली तर जग काय बुडतं का?

चार महिने मी चोरून चित्रं काढत होतो. रविवारी बायको बहिणीकडे गेली की मागच्या खोलीचं दार लावून घ्यायचो. पहिली वीस चित्रं माझी मीच फाडली. एकविसावं फाडवेना. ते बायकोचं होतं: अंगावर निळी शाल, एक हात कमरेवर, दुसरा माझ्यावर रोखलेला. एकतीस वर्षांत मी तिला बहुतेक याच अवस्थेत पाहिलंय, त्यामुळे समोर बसवायची गरजच पडली नाही.

आता आमचं कार्यालय म्हणजे बस डेपोतला हरवलं-सापडलं विभाग. लोक बसमध्ये जे विसरतात ते आमच्याकडे जमा होतं. छत्र्या, डबे, एकदा तर कवळी. नोंदी ठेवणाऱ्या बाईंना आम्ही पाठीमागे 'नियमावली' म्हणतो. कुठलीही वस्तू त्यांच्या डोळ्यांसमोर दहा मिनिटं बेवारस पडली की तिला चिठ्ठी चिकटलीच.

हे ठाऊक असूनही सोमवारी मी चित्र बाकावर ठेवलं, खिळा-हातोडी आणायला वर्कशॉपमध्ये गेलो आणि तिथे मेकॅनिकशी गप्पा मारत बसलो. परत येतो तर बाक रिकामा!

"बाई, इथलं चित्र?"

"जमा झालं. नोंद क्रमांक चारशे बारा."

"अहो, माझं आहे ते."

"सगळे असंच म्हणतात. वर्णन सांगा."

हा नियम सात. वस्तू न दाखवता आधी वर्णन विचारायचं आणि नोंदीशी जुळलं तरच ती द्यायची. कवळी भलत्याच माणसाच्या तोंडात गेली होती, तेव्हा हा नियम झाला. केला कुणी? मीच.

"माझ्या बायकोचं चित्र आहे," मी छाती पुढे काढून म्हणालो.

बाईंनी रजिस्टरवरून बोट फिरवलं. "जुळत नाही."

"का? काय लिहिलंय?"

"चित्र, एक. विषय: बहुधा किटली. रंग निळा."

रांगेत छत्री शोधायला आलेले एक आजोबा होते, ते फिसकन हसले. मी कपाळाला हात लावला.

"साक्षीदार आणा," बाई म्हणाल्या. "ओळख पटली तर देते."

बायको जवळच्याच दवाखान्यात केसपेपर काढायला बसते. फोन केल्यावर ती तरातरा आली. बाईंनी चित्र तिच्यासमोर धरलं.

"किटली आहे," बायको म्हणाली. "कुणाची हरवलीय?"

"अगं, ही तू आहेस."

सगळी रांग पुढे वाकली. बायकोने चित्राकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा चित्राकडे पाहिलं.

"आणि ही तोटी?"

"तो तुझा हात."

गलका ऐकून साहेब बाहेर आले. "कशाला ताणताय एवढं? वर्णनात किटली लिहा, सही करा आणि घेऊन जा. मिटलं."

खरं सांगतो, माझा हात पेनाकडे गेला होता. एका शब्दात सुटलो असतो. मग ते चित्र मागच्या खोलीत गेलं असतं आणि ब्रशला मी जन्मात पुन्हा हात लावला नसता. हे लख्ख कळलं आणि माझं डोकंच फिरलं.

"नाही लिहिणार," मी म्हणालो. "मला चित्र काढता येत नाही, कबूल. पण मी काय काढलंय ते मीच सांगणार. चार महिने मी किटली काढत नव्हतो."

साहेब आत गेले. बाईंनी चष्मा पुसला. "मग पुन्हा काढून दाखवा. इथे, सगळ्यांसमोर."

मी सामानावर खुणा करायचा निळा खडू उचलला आणि जुन्या वेळापत्रकाची कोरी बाजू काउंटरवर पसरली.

"अहो, पुरे झाली शोभा," असं म्हणत बायकोने एक हात कमरेवर ठेवला आणि दुसरा माझ्यावर रोखला.

"तशीच थांब."

आणि ती थांबली. एकतीस वर्षांत पहिल्यांदाच.

वीस मिनिटं लागली. एकानेही रांग सोडली नाही. "नाक राहिलं," असं आजोबा दोनदा म्हणाले. सुरुवातीला रांगेकडे लक्ष जात होतं, मग तिचंही भान राहिलं नाही. बाईंनी दोन्ही चित्रं शेजारी-शेजारी धरून निरखली.

"एकाच माणसाची आहेत. इतकं सारखं चुकणं दुसऱ्या कुणाला जमणार नाही. ओळख पटली." त्यांनी शिक्का मारला.

बायको मात्र पहिल्या चित्रापाशीच उभी होती. "शालीचा उसवलेला कोपरासुद्धा काढलाय की तुम्ही," ती हळूच म्हणाली.

खिळा त्याच दिवशी ठोकला. चित्राखाली मोठ्या अक्षरांत 'माझी पत्नी' असं लिहून सही केली. आता विचारणाऱ्याला मी मान वर करून सांगतो की हे माझं आहे.

काल एक बाई आल्या. त्यांची किटली बसमध्ये राहिली होती. नियम सातप्रमाणे मी वर्णन विचारलं. त्यांनी इकडे-तिकडे पाहिलं आणि मागे वळून भिंतीवरच्या चित्राकडे बोट केलं. "अगदी अशीच."

मी वाद घातला नाही. रजिस्टर उघडलं आणि वर्णनाच्या रकान्यात खरं ते लिहिलं: 'माझ्या पत्नीसारखी.'

घरी अजून सांगितलेलं नाही.