दात बघून घेणारे तात्या

आमच्या शेजारचे निवृत्तीतात्या कुठलीही वस्तू घ्यायच्या आधी तिचे दात बघायचे. विळा घेतला तरी दात, दाताळं घेतलं तरी दात. लेकीला बघायला पाहुणे आले, तेव्हा तात्यांनी मुद्दाम एक गमतीची गोष्ट सांगून नवऱ्या मुलाला हसवलं, आणि तो हसला तसे पुढं वाकून बघत राहिले. मग आत येऊन काकींना म्हणाले, "पोरगं चांगलं हाय. करा च्या." रेडिओला दात नसतात, म्हणून त्यांच्या घरी रेडिओ फार उशिरा आला.

याला कारण होतं. तात्यांचे वडील मेंढरं राखायचे. बाजारात मेंढराचं वय दातावरून ओळखायचं, हे तात्या चालायला लागल्यापासून शिकले. पुढं मेंढरं गेली. तात्या बावड्याच्या एका मिस्त्रीच्या हाताखाली लाकूडकाम शिकले आणि कळंबला येऊन दारं-खिडक्या करू लागले. लोक पाठीमागं म्हणायचे, मेंढक्याचा सुतार झाला. तात्या तोंडावर म्हणायचे, "झालो. लाकूड पळून तर जात न्हाय."

मोठं लाकूड चिरायची करवत दोघांनी ओढायची असते. तात्यांना दुसरा माणूस परवडत नव्हता, म्हणून गोदाकाकी समोर बसल्या. लग्न झाल्या वर्षापासून बसल्या. बायकोला करवतीला जुंपली म्हणून लोकांनी नावं ठेवली, आणि मग सवय झाली. मी लग्न होऊन इथं आले तेव्हा पहिल्यांदा तो आवाज ऐकला. खर्र, खर्र. आणि मधे मधे बोलणं. तात्या ओढताना बोलायचे, काकी ओढताना उत्तर द्यायच्या.

"आवंदा भुईमूग लावावा म्हंतो."

"उंदरं खात्यात."

"मग सूर्यफूल."

"ते पाखरं खात्यात."

"मग काय लावू?"

"जे आपल्याला खायाला मिळंल ते लावा."

असं दिवसभर. घरात मात्र ही दोघं फारशी बोलायची नाहीत. तात्या जेवायला बसले की गप, झोपायला गेले की गप. सगळा संसार करवतीवर चालायचा. लेकीचं लग्न करवतीवर ठरलं, आमच्या बांधावरचा लिंब तोडायचा का ठेवायचा तेही करवतीवरच ठरलं. भांडण झालं की करवत लाकडात अडकून बसायची. आवाज बंद पडला की आमच्या सासूबाई म्हणायच्या, आज काहीतरी झालंय बाई.

गेल्या दिवाळीनंतर काकींचा उजवा हात खांद्यातून धरला. खाली चालायचा, वर जायचा नाही. करवत ओढायच्या, पण डोक्यापर्यंत हात नेता येईना. तात्या सकाळी विहिरीकडे गेले की मी मागच्या दारानं जायचे, त्यांची वेणी घालून अंबाडा बांधून द्यायचे. डॉक्टरांनी ओढायचं काम बंद करा म्हणून सांगितलं होतं. दवाखान्यात मीच बरोबर गेले होते, पण काकींनी मला शपथ घातली.

"त्यांस्नी सांगू नकोस शालन. कळलं तर करवत उचलून अडगळीत टाकतील, धंदाच बंद करतील. त्यापरीस मिशीन आली तर माझा हात आपसूक सुटंल, आन् कुणाला काय सांगाय नको."

मग काकींनी मशीनचा धोशा लावला. बावड्याच्या मिस्त्रीनं घेतली, तुमी कवा घेणार. तात्या आधी हसले. काकी काही सोडेनात, तेव्हा एक दिवस बारामतीला गेले. तिथला हत्यारांचा दुकानदार ओळखीचा. तो म्हणाला, न्या, पुढच्या बाजारापर्यंत वापरून बघा, पटली तर ठेवा, नाहीतर परत आणा. आपल्याकडे बैल असाच बघायला आणतात, त्यामुळं तात्यांना ते पटलं.

विजेवर चालणारी ती गोल करवत पोत्यात बांधून, एस.टी.त मांडीवर घेऊन त्यांनी आणली. नवं जनावर दारात आलं की पायावर पाणी घालतात, तसा काकी तांब्या घेऊन आल्या. आमचे मालक वालचंदनगरला कंपनीत आहेत, त्यांना विजेचं कळतं. ते कुंपणापलीकडून ओरडले म्हणून बरं. मग काकींनी नुसतं हळद-कुंकू लावलं आणि भाकरीचा तुकडा मशीनपुढं ठेवला. तो कुत्र्यानं खाल्ला.

तात्यांनी पारख सुरू केली. पहिल्यांदा अर्थात दात. पातं हातानं फिरवत एकेक दात अंगठ्यानं चाचपला. मग कोकराचं वजन बघतात तशी पोटाखाली हात घालून मशीन उचलली, खाली ठेवली, पुन्हा उचलली. लोक जमले होते. तात्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "अंगानं भरलीय. चालीला कशी हाय बघू."

सागाच्या फळीवर मशीन लोण्यासारखी गेली. तात्यांनी कापलेली कड डोळे मिटून गालावरून फिरवली. एवढा सरळ काप त्यांनी हातानं कधी काढला नव्हता, हे त्यांच्या तोंडावर दिसलं. बाभळीच्या फळीवर ती किंचाळली, पण अडली नाही. संध्याकाळी रानातल्या पाण्याच्या मोटारी सुरू झाल्या आणि होल्टेज पडलं, तशी ती घोगऱ्या आवाजात कण्हायला लागली. तात्या म्हणाले, "पडसं झालंय हिला."

दुसऱ्या दिवसापासून खोडी निघायला लागल्या. वायर आखूड. "दावंच आखूड हाय, खुट्याभवतीच फिरायचं व्हय?" पात्यावर हात कापू नये म्हणून लोखंडी झाकण असतं, त्याचा तर तात्यांना पक्का संशय. "मुसकी घालून जनावर इकाय आणलंय. म्हंजे खोड हाय." भुसा अंगावर उडतो, म्हणून शिंकाळी. पोरं जवळ येतात, वासरं बुजतात. मालकांनी समजावलं की झाकण असतंच, ते कधी काढू नका, आणि वायरीला जोड देता येतो. तात्या मान हलवायचे आणि नवी खोड काढायचे.

मला वाटायचं, ते हट्टी आहेत. काकींना वाटायचं, ही मशीन काही राहत नाही. अंबाडा बांधताना त्या म्हणायच्या, बाजार जवळ आला गं. त्यांचा खांदा हाताला गरम लागायचा.

त्या दिवसांत काकींना करवतीवर काम नव्हतं. त्या पहिल्या दिवशी पायरीवर बसून बघत राहिल्या, पण मशीनपुढं बोललेलं काही ऐकू येईना. मग आत गेल्या आणि लसूण सोलत बसल्या. तात्या थोडं कापायचे, मशीन बंद करायचे आणि आत जाऊन पाणी मागायचे. पुन्हा थोडं कापायचे, पुन्हा पाणी. मी म्हटलं, या कामानं तहान फार लागत असावी.

बाजाराच्या आदल्या दिवशी तात्या आमच्या ओट्यावर येऊन बसले. मालकांनी विचारलं, काय तात्या, ठेवताय का परत देताय? तात्यांनी सगळ्या खोडी पुन्हा सांगितल्या. मालक म्हणाले, त्या काही खोडी नव्हेत. तेव्हा तात्या तंबाखू मळत जे बोलले ते मी आतून ऐकलं.

"तिनंच हट्ट धरलाय मिशीनचा. इतकी वर्सं माझ्या म्होरं बसली. कटाळली आसंल. माणसाला कटाळा येतोच की." तंबाखू झटकून म्हणाले, "पर मिशीन बोलू देत न्हाय बाबा. दिसभर माणूस घरात आसून मुक्यावानी."

मालकांना जेवताना त्याचं हसू येत होतं. मला खरं काय ते सांगता येईना. शपथ होती.

सकाळी तात्यांनी मशीन पोत्यात बांधली आणि खांद्यावर टाकून एस.टी.च्या थांब्याकडे निघाले. काकी दारात उभ्या होत्या. ते वळणाआड गेले तशा आत आल्या, जुनी करवत भिंतीवरून डाव्या हातानं काढली आणि तिच्यावरची धूळ पुसली. मग माझ्यापुढं पाठ करून बसल्या. मी वेणी घालायला घेतली.

अंबाड्याला आकडा लावत होते तेवढ्यात दारात सावली पडली. एस.टी. भरलेली होती, थांब्यावर थांबलीच नाही. तात्या पोतं घेऊन उभे होते.

"ही कशापायी घालती तुझी येणी?"

"हौस हाय तिला," काकी म्हणाल्या.

तात्यांनी पोतं खाली ठेवलं. जवळ येऊन काकींचा कोपर धरला आणि लंगडणाऱ्या मेंढीचा पाय बघतात तसा हात हळूहळू वर नेला. एका जागी काकींनी ओठ दाबले. तात्यांनी तेवढ्याच सावकाश हात खाली आणून त्यांच्या मांडीवर ठेवला.

"कवापासनं?"

"दिवाळीपासनं."

"आन् वडत व्हतीस."

काकींनी पदर नीट केला. "मग काय तुमी एकटं दोनी टोकं धरणार व्हता?"

तात्या उंबऱ्यावर बसले. मला उठून जावं असं वाटलं, पण ते दारातच होते. मग त्यांनी पोत्याची दोरी सोडायला घेतली. गाठ सुटेना, इतकी पक्की मारली होती.

"वायर आखूड हाय म्हणत व्हता," काकी म्हणाल्या.

"खुटा जवळ आणू."

तेव्हापासून ती मशीन तात्यांच्या अंगणात आहे. जुनी करवत त्यांनी बावड्याच्या मिस्त्रीला देऊन टाकली. रस्त्यानं जाणाऱ्याला वाटतं, कळंबला सारखी लाईट जाते. कारण तात्या वीतभर कापतात आणि मशीन बंद करतात. बटण सोडलं तरी पातं थोडा वेळ गरगरत राहतं. ते पुरतं थांबेपर्यंत तात्या मशीन हातात धरून उभे राहतात. फळीच्या दुसऱ्या टोकाला काकी पाटावर बसलेल्या असतात, डावा हात फळीवर नुसता टेकवून. फळीवर दगड ठेवलेले असतात, ती धरायची गरज नसते. पातं थांबलं की काकी काहीतरी बोलतात, मेथी निबार निघाली, लेकीचा निरोप आला. तात्या उत्तर देतात, आणि पुन्हा वीतभर कापतात.

मालकांनी सांगून बघितलं, सारखी चालू-बंद केली की मोटार बिघडते. तात्या म्हणाले, जनावराला दम खाऊ द्यावा.

परवा दुपारी मी धान्य निवडत बसले होते. मशीन थांबली, पातंही थांबलं, तरी बोलण्याचा आवाज येईना. मी कुंपणावरून बघितलं. तात्या मशीन धरून काकींकडे बघत उभे होते. काकींना त्या वेळी बोलायला काही नव्हतं. शेवटी तात्या कशासाठी थांबलेत ते त्यांच्या लक्षात आलं.

"काय न्हाय," त्या म्हणाल्या. "कापा तुमी."

तात्यांनी मान हलवली आणि बटण दाबलं.