व्हिएन्नापाशी अडलेली सुपारी

व्हिएन्ना शहर बघायला नेमकं कधी जावं, हे अख्ख्या लातुरात एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि तो माणूस म्हणजे अमृतराव! भूगोलाचे निवृत्त शिक्षक. स्वतः ते कधी सोलापूरच्या पलीकडं गेले नव्हते. पण त्यांच्या लेकीला, देविकाला, व्हिएन्नात नोकरी करणाऱ्या मुलाचं स्थळ आलं आणि अमृतराव रोज सकाळी मोबाइलवर तिथलं हवामान बघायला लागले. लातूरचं नंतर. एकदा तर भर उन्हात "आज तिकडं सरी आहेत" असं पुटपुटत छत्री घेऊन भाजी आणायला गेले!

"मे महिना!" भेटेल त्याला ते ठासून सांगत. "फुलं, कोवळं ऊन, आणि आपल्या इथल्या भट्टीतून सुटका. व्हिएन्नाला जावं ते मे महिन्यातच!"

बैठकीच्या दिवशी सकाळी देविकानं वडिलांना स्वयंपाकघरात गाठलं. कॉलेजात शिकवणारी पोरगी. आजवरची सगळी स्थळं तिनं नाकारली होती. व्हिएन्नातल्या यज्ञेशला मात्र भेटून आली आणि दिवसभर आपल्याशीच हसत होती.

"बाबा, हे जमू द्या. मला मनापासून आवडलाय तो. तुम्ही फक्त कमी बोला."

"मी कुठं जास्त बोलतो?"

"बाबा!"

"बरं बाई. व्हिएन्ना हा शब्दच तोंडातून काढत नाही. तुझी शपथ!"

शब्द त्यांनी पाळला. चांगला तासभर पाळला! नांदेडहून मुलाचे वडील बापूसाहेब, त्यांच्या पत्नी उमादेवी आणि यज्ञेश आले. मध्यस्थ म्हणून उदगीरचे वीरण्णा होतेच. दोन्ही घरांचे जुने स्नेही. चहा झाला, पोहे झाले, लग्न कुठं आणि कसं तेही ठरलं. आता उरली होती फक्त सुपारी.

आमच्या भागात सुपारी फुटली की सोयरीक पक्की. मग आभाळ कोसळलं तरी मोडत नाही. पण फुटली नाही तोवर सगळं अधांतरी. आणि बैठकीत बोलायचं ते मोठ्यांनीच. नवऱ्या मुलानं मान खाली घालून सतरंजीची नक्षी बघायची, मुलीनं दाराआड उभं राहायचं. दोघंही आपापल्या जागी अगदी चोख होते.

पाटावर सुपारी ठेवली. वीरण्णांनी खलबत्त्यातला बत्ता उचलला आणि तेवढ्यात उमादेवी मायेनं म्हणाल्या, "लग्न झालं की दोन्ही घरं मिळून पोरांकडं जाऊ. व्हिएन्नाला."

"जाऊ की!" बापूसाहेब म्हणाले. "डिसेंबरात जाऊ. मी जाऊन आलोय ना गेल्या साली. बर्फ, रोषणाई, नाताळचा बाजार! डिसेंबरासारखा दुसरा हंगाम न्हाई."

अमृतराव जागच्या जागी चुळबुळले. दारातून कुसुमताईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, डोळे वटारले. अमृतरावांनी पाण्याचा तांब्या तोंडाला लावला, अर्धा संपवला, आणि शेवटी तांब्यालाच सांगितल्यासारखं पुटपुटले, "डिसेंबरात तिथं चार वाजता अंधार पडतो."

"काय म्हणाले गुरुजी?"

"काही नाही. आपलं जनरल. मे महिना बरा असतो, एवढंच."

वीरण्णांचा बत्ता हवेतच थांबला.

"मेमधी?" बापूसाहेब हसले. "मेमधी इकडं लगनसराई सोडून कोण जातंय? आणि मी डोळ्यांनी बघून आलोय, गुरुजी."

"आणि मी तीस वर्षं शिकवलंय!"

"व्हिएन्ना?"

"हवामान!"

"अय्यो, आधी सुपारी फोडू की," वीरण्णा कळवळून म्हणाले. हात भरून आला होता बिचाऱ्यांचा.

"थांबा वीरण्णा," अमृतराव म्हणाले. आपण थांबायला हवं हे त्यांना कळत होतं. दाराआडून देविकाच्या बांगड्या वाजत होत्या, त्याही ऐकू येत होत्या. पण जीभ उताराला लागली होती. "डिसेंबरात आमची वेळ अमावस्या येते. त्या दिवशी लातूरचा माणूस शेतात नसला तर पांडवांची पूजा कोण करणार? तुम्ही?"

"मंजे आंबिल प्यायला आन् भज्जी खायला व्हिएन्ना सोडायचं?"

झालं! वेळ अमावस्येच्या भज्जीला, त्या शेंगा-पालेभाज्यांच्या मिश्र भाजीला, कुणी नावं ठेवलेली लातूरकर कसं ऐकून घेणार? आता तर कुसुमताईंनीही वटारलेले डोळे नवऱ्याकडून व्याह्यांकडं वळवले.

"भज्जीला बोलायचं काम न्हाई!" अमृतरावांचा आवाज चढला. "डॅन्यूबच्या काठावर सुद्धा मिळणार नाही ती चव!"

"डॅन्यूबचं तुम्ही नका सांगू आमाला. आमच्या दारात गोदावरी हाय. तुमाला तर प्यायचं पाणी रेल्वेनं आलं होतं!"

उमादेवींनी कपाळाला हात लावला. पाण्याची रेल्वे हा लातूरकराचा दुखरा दात; त्याला बोट लावायचं नसतं.

"दारात नदी आहे म्हणून डॅन्यूब काय तुमच्या सातबाऱ्यावर चढली का?" अमृतराव गरजले.

"उठा!" बापूसाहेब ताडकन उठले. "चल रे यज्ञेश! जिथं साधा एक महिना जुळंना, तिथं जन्माचं काय जुळणार?"

ते दाराकडं निघाले. यज्ञेश जागचा हलला नाही, पण त्याचा चेहरा पांढराफटक पडला. आणि अमृतरावांना दाराआडची देविका दिसली. तिचे डोळे भरून आले होते. आपण आपल्याच हातानं लेकीचं वाटोळं करून बसलो! हात जोडावेत, पाय धरावेत, डिसेंबर तर डिसेंबर म्हणावं, असं ठरवून ते पुढं धावले.

"बापूसाहेब," ते गहिवरून म्हणाले, "एक मिनिट ऐका. डिसेंबरातलं तिथलं सरासरी तापमान..."

बापूसाहेबांनी एक चप्पल पायात घातली.

आणि तेवढ्यात मागून ठण्ण आवाज आला!

सगळे वळले. देविका पाटाजवळ बसली होती. वीरण्णांचा बत्ता तिच्या हातात होता आणि सुपारीचा चुरा झाला होता. एक तुकडा उडून वीरण्णांच्या उरलेल्या चहात पडला होता.

"फुटली," वीरण्णा हात चोळत म्हणाले. इतकं सुटल्यासारखं ते आयुष्यात कधी बोलले नसतील.

"पर पोरीनं फोडलेली चालती का?" बापूसाहेबांनी एका चपलेवर उभ्या उभ्या विचारलं.

"फुटली ना?" उमादेवी कडाडल्या. "मग फुटली! काढा ती चप्पल आन् बसा खाली. मला सून पसंत हाय, तुमच्या डिसेंबराचं मी लोणचं घालू का?"

बापूसाहेब मुकाट्यानं बसले. देविकानं डोळे पुसले आणि दोन्ही म्हाताऱ्यांकडं बघितलं. "मघापासून भांडताय. जो माणूस तिथं राहतो, त्याला एकदा तरी विचारलं का?"

हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं! सगळ्यांच्या माना यज्ञेशकडं वळल्या. त्यानं पहिल्यांदाच सतरंजीवरची नजर वर उचलली. घसा खाकरला.

"कधीही या," तो नम्रपणे म्हणाला. "उन्हाळ्यात या, हिवाळ्यात या. शहर बारा महिने सुंदरच असतं. फक्त तुम्ही दोघं एकाच वेळी येऊ नका."

बापूसाहेबांनी अमृतरावांकडं बघितलं, अमृतरावांनी बापूसाहेबांकडं.

"ऐकलं का, व्याही? काय बोलायलंय कार्टं!"

"ऐकलं ना! आपल्याला येऊ नका म्हणतो!"

"आता तर सोबतच जायचं! एकाच विमानानं!"

"शेजारी शेजारी बसून!" अमृतरावांनी टाळी दिली. दोघांनी एकमेकांना कडकडून मिठी मारली. अमृतरावांच्या लेकीचं जमलं होतं आणि वर हवामानाची जाण असलेला व्याही मिळाला होता.

वीरण्णांचे डोळे पाणावले. चहातला सुपारीचा तुकडा बाजूला काढत त्यांनी भाबडेपणानं विचारलं, "लई बेस झालं बघा. मग आता कधी जाता?"

दोघा व्याह्यांनी एकदमच श्वास घेतला. पण कुसुमताई पेढ्यांचं ताट घेऊन तयारच होत्या. त्यांनी चपळाईनं दोघांच्या तोंडात एकेक पेढा कोंबला, आणि वीरण्णांच्या तोंडात दोन.