जुन्या डब्याचे आठ दिवस

माझ्याइतकं कॉम्प्युटरमधलं आख्ख्या कोपरमध्ये कोणाला कळत नाही. हे मी नाही म्हणत, आमच्या सोसायटीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप म्हणतो. कोणाचा प्रिंटर अडला की "सुदेशला बोलवा." तर अशा माझ्या घरात सिनेमे, गाणी, लग्नाचा व्हिडिओ असं सगळं एका जागी ठेवून टीव्हीवर दाखवणारा घरचा सर्व्हर नव्हता. आणि ही किती लाजेची गोष्ट आहे ते मला बाळकुमला गेलेलो तेव्हा कळलं. तिथे तेविसाव्या मजल्यावर माझा मेहुणा विनीत राहतो. त्याने मला पोळ्यांच्या डब्याएवढी एक वस्तू दाखवली. आत सगळे पार्ट नवे. पंखा नाही, आवाज नाही, आणि टीव्हीवर म्हणाल तो सिनेमा.

"एवढंच?" मी म्हणालो, आणि मनातल्या मनात तिथेच माझा जीव जडला.

घरी आल्या आल्या नव्या पार्टची यादी बायकोपुढे ठेवली. रसिकाने ती वाचली आणि माळ्याकडे बोट दाखवलं.

"वर तुझा कॉलेजचा सीपीयू आहे ना? दर दिवाळीला फेकू म्हटलं की सांगतोस, चांगला आहे, राहू दे."

"अगं, चांगला आहे, पण यासाठी नाही."

"मग कशासाठी चांगला आहे?"

मी यादी पुन्हा तिच्यापुढे सरकवली.

शेवटी तह झाला. हार्ड डिस्क नवी घ्यायची, कारण लग्नाचा व्हिडिओ बारा वर्षं जुन्या डिस्कवर ठेवायला तीही तयार नव्हती. बाकी सगळं जुनं. आठ दिवस चालवून बघायचं. तापून बंद पडलं तर नवे पार्ट. नाही पडलं तर हा विषय या घरात पुन्हा काढायचा नाही. म्हणजे बघा, मशीन मीच उभं करायचं आणि ते पडावं म्हणून देव पाण्यात घालून मीच बसायचं.

डबा माळ्यावरून उतरवला. वरच्या बाजूला जाळी, जाळीखाली गरम हवा बाहेर फेकणारा पंखा. सुरू केल्यावर पिठाची गिरणी चालू झाल्यासारखा आवाज आला. मला फार बरं वाटलं. आवाज हॉलमध्ये नको म्हणून रसिकाने तो स्वयंपाकघराबाहेर स्टुलावर ठेवायला लावला.

मशीनचं तापमान मला मोबाईलवर दिसायचं, आलेखासकट. पंच्याऐंशी डिग्रीला ते आपोआप बंद होणार होतं. पहिल्या दिवशी काटा अठ्ठेचाळीसच्या वर जाईना. मी निराश होऊन झोपलो. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर काय, रात्री दहाला आलेख चढायला लागलेला, बहात्तरपर्यंत गेलेला आणि सकाळी सहाला धपकन खाली. टीव्ही तर दहाला बंद केलेला.

दुसऱ्या, तिसऱ्या रात्री तेच. चौथ्या रात्री तेच. खोटं कशाला बोलू, आता नवे पार्ट बाजूला राहिले आणि मला दुसराच किडा चावला. सगळे झोपलेले असताना या डब्याकडून काम कोण करून घेतंय? व्हायरस शोधला, सापडला नाही. डिस्क तपासली, ठीक होती. मग मला आठवलं की आमच्या वायफायचा पासवर्ड आणखी एका माणसाकडे आहे. समोरचे श्रीपादकाका. बँकेतून निवृत्त, नाटकांचे वेडे.

त्यांना जिन्यात गाठलं. "काका, रात्री दहानंतर नाटकं बघता का हो?"

"कोण म्हणतं?"

"आलेख म्हणतो."

काकांनी पिशवी खाली ठेवली. "हे पाहा सुदेश, मी छत्तीस वर्षं बँकेत काढली. कुणाच्या टाचणीला हात लावला नाही, तुमच्या वायफायला कशाला लावू? आणि रात्री नऊला मी झोपलेला असतो."

संध्याकाळी ग्रुपवर त्यांचा मेसेज आला. "आज जिन्यात माझ्यावर शेजाऱ्यांचे तापमान वाढवल्याचा आरोप झाला. मी व्यथित आहे." खाली सतरा जणांनी हात जोडलेले.

तरी मी पासवर्ड बदललाच. त्यामुळे रसिकाची ऑफिसची मीटिंग मध्येच तुटली, आईची मालिका ऐन भांडणात अडकली आणि दोघी माझ्याशी जेवेपर्यंत बोलल्या नाहीत. आलेख मात्र रात्री दहाला शिस्तीत चढला.

सातव्या दिवशी मी पाण्याच्या वेळेला, साडेपाचला उठलो. डब्याशी गेलो तर त्याच्यावर शालीत गुंडाळलेलं काहीतरी. शाल सोडली, आत टॉवेल. टॉवेल सोडला, आत पातेलं. पातेल्यात दही. सुरीने वड्या पाडाव्यात इतकं घट्ट.

"हलवू नकोस रे," मागून आई म्हणाली. "थंडीत विरजण लागतच नाही मेलं. रोज नुसतं पाणी. या तुझ्या डब्यावर ठेवलं तर बघ कसं लागलंय. मला वाटलं नव्हतं हो, तू इतकं कामाचं काही करशील."

आता सरळ मुलाने काय केलं असतं? जाळी झाकली गेली की मशीन तापतं, एवढं आईला सांगितलं असतं. पण मग आईने पातेलं उचललं असतं, मशीन अठ्ठेचाळीसवर आलं असतं आणि नवे पार्ट कायमचे गेले असते. हातात एकच दिवस उरलेला. बहात्तरपासून पंच्याऐंशीला फक्त तेरा डिग्री कमी.

"आई," मी म्हणालो, "आंबोळ्या करून किती दिवस झाले गं?"

आईचा चेहरा असा फुलला की मला स्वतःची लाज वाटली. तरी सगळ्यात मोठं पातेलं माळ्यावरून मीच काढून दिलं.

रविवारी सकाळी सातला गिरणीचा आवाज थांबला. धावत गेलो. पीठ फुगून पातेल्याबाहेर आलेलं, शालीतून उतरून जाळीतून आत गेलेलं, आणि घरभर आंबट वास. रसिकाने प्लग काढला.

"गेलं बिचारं," मी तोंड पाडून म्हणालो. "तापून गेलं."

"तापून नाही, पीठ सांडून."

"पीठ फुगलं म्हणून सांडलं. आणि तापलं म्हणून फुगलं."

"आणि एवढं पीठ त्याच्यावर ठेवलं कोणी?"

"यानेच सांगितलं ना," आई म्हणाली. "आंबोळ्या कर म्हणाला. पातेलंही यानेच काढून दिलं."

रसिका म्हणाली, "ठीक आहे. मतं घेऊ. आणि काकांनाही बोलव. त्यांची माफी मागायची आहे तुला."

मी घाबरलो नाही, कारण विनीतला मी आधीच साक्षीला बोलावलेलं. तो अकराला आला, आपली ती वस्तू घेऊन. टीव्हीला जोडली, चालू केली, सिनेमा लावला. अर्धा तास आम्ही सगळे बघत बसलो. काका माझी माफी स्वीकारून वाचलेल्या पिठाची तिसरी आंबोळी खात होते.

"काकू, आता हात लावून बघा," विनीत आईला म्हणाला. "अर्धा तास चालतंय."

आईने हात लावला. "हे चालू आहे?"

"हो."

"आणि सकाळपर्यंत असंच राहणार?"

"वर्षभर ठेवा काकू, असंच थंडगार."

आईने हात काढून घेतला. "मग याचा उपयोग काय?"

रसिका हसायला लागली. काकांनी घसा साफ केला. "वहिनी, विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. आमच्याकडेही या दिवसांत विरजण लागत नाही."

जुन्याला तीन मतं, नव्याला एक. विनीत बाहेरचा, त्याला मत नव्हतं. जुन्या मशीनला मी दुपारभर टूथब्रशने घासलं, हेअर ड्रायरने वाळवलं आणि मनात म्हटलं, आता तरी मर. पहिल्याच बटणाला चालू झालं.

आता ते ओट्याच्या कडेला असतं. जाळीवर दोन बोटं उंच तिवई, तिच्यावर आईचं पातेलं आणि काकांचा स्टीलचा डबा. मोठा, ठळक चित्राचा सिनेमा लावला की मशीनला दम लागतो आणि ते जास्त तापतं, हे मी एकदा बोलता बोलता आईला सांगून बसलो. काल जरा गाणी ऐकावीत म्हणून बसलेलो तर आतून आवाज आला.

"सुदेश, गाणी नकोत. उद्या काकांकडे पाहुणे आहेत, आंबोळ्या दुप्पट करायच्यात. काहीतरी जड लाव."