कर्णिक काकांचे साहेब

कर्णिक काकांना कुठलंही आमंत्रण द्या, ते आधी खाली बघतात. स्वतःच्या उजव्या पायाच्या अंगठ्याकडे. क्षणभर थांबतात आणि म्हणतात, "साहेबांना विचारून सांगतो."

हे साहेब म्हणजे तो अंगठा. काकांनी सिंगापूरच्या तांजोंग पगार भागातल्या एका बँकेत उभी हयात घालवली, नाना तऱ्हेचे साहेब पाहिले आणि सगळ्यांना पुरून उरले. निवृत्त झाले आणि गाउट, म्हणजे सांधे सुजवणारा वात, सुरू झाला. डोक्यावर कुणी उरलं नाही म्हणून हे पायाशी येऊन बसले, असं ते सांगतात. साहेब खुशीत असले की काका सकाळी पार्कात चकरा मारतात. साहेब दौऱ्यावर गेलेत असं म्हणाले की समजायचं, दुखणं डाव्या घोट्यात सरकलंय. आमच्या बेडोकच्या ब्लॉकमध्ये नव्याने आलेल्या एका तमिळ शेजाऱ्याचा बरेच दिवस समज होता, की हा म्हातारा अजून कुठेतरी नोकरी करतो आणि तिथे त्याचे फार हाल आहेत.

काका आमच्या शेजारच्याच फ्लॅटमध्ये राहतात. तरी माझी त्यांची खरी ओळख झाली ती माझ्या अंगठ्यामुळे. ऑफिसच्या पार्टीत मी चिली क्रॅब आणि बिअर यांना भरपूर न्याय दिला होता. दुसऱ्या दिवशी उठलो तर अंगठा लालबुंद, नुसतं पांघरूण लागलं तरी डोळ्यांतून पाणी येत होतं. एका पायात बूट, दुसऱ्यात बाथरूमची स्लिपर अशा थाटात मी लिफ्टपर्यंत पोचलो. काकांनी माझ्या तोंडाकडे पाहिलंच नाही.

"अंगठा?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, मुरगळलाय बहुतेक. त्यावर ते म्हणाले, मुरगळलेल्या माणसाला पंख्याचा वारा लागून कळ येत नाही, आणि मला हाताला धरून घरी घेऊन गेले. पाय उशीवर ठेवला, पंच्यात बर्फ गुंडाळून अंगठ्यावर धरला, तांब्याभर पाणी समोर बसून प्यायला लावलं. मग टॅक्सी करून पॉलिक्लिनिकला नेलं आणि माझा नंबर येईपर्यंत शेजारी बसून राहिले. त्या सकाळी सख्ख्या भावाने केलं नसतं इतकं त्यांनी माझं केलं. आजही मी अनवाणी चालताना कळवळत नाही, याचं पुण्य त्यांच्याच खात्यात आहे.

घरगुती औषधांचे सगळे प्रयोग काकांनी आधी स्वतःवर करून ठेवलेत, त्यामुळे मला ते आयतेच मिळाले. ओव्याची पुरचुंडी गरम करून लावली, तर साहेब भडकले. लिटिल इंडियातून एरंडाची पानं आणून शेकली, तर इतके भडकले की दोन खोल्यांपलीकडून चालत येणाऱ्या माणसाच्या पावलानेही कळ यायची. तेव्हापासून चढत्या दुखण्याला गरम काही लावायचं नाही, बर्फच, हा नियम झाला. खालच्या मजल्यावरची चिनी आंटी सेलरीचा रस देते, तो काका नाक दाबून पितात आणि तिच्यासमोर वाहवा करतात. सुंठ रोज. लिंबूपाणी रोज. हॉकर सेंटरच्या खाण्याच्या गाळ्यांवर गेलं की बिनसाखरेचं बार्लीचं पाणी. डॉक्टरांनी दिलेली गोळीही न चुकता घेतात, पण गुण आला की श्रेय सुंठीचं. गोळी काय, ती सगळेच घेतात, असं त्यांचं म्हणणं.

मी संकष्टीला दिवसभर पाण्याशिवाय राहतो हे कळल्यावर त्यांनी मला खाली बेंचवर बसवून झापलं होतं. कोरडं राहिलं की साहेब चवताळतात, गणपतीला मोदक दे पण साहेबांना पाणी दे, असा निकाल दिला. माझा अंगठा त्यांच्या मते अजून प्रोबेशनवर आहे. मला मासे चालतात, पण एक तुकडी. बिअर, कोळंबी आणि कलेजी बंद.

स्वतःच्या बाबतीत मात्र त्यांनी मासे साफ सोडले. काका ठाण्याचे सीकेपी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, अधूनमधून थोडं खाल्लं तर चालेल. पण थोडं हा प्रकार काकांना जमत नाही. "एक तुकडी मांजराला घालतात," ते म्हणाले आणि त्या दिवसापासून दहीभातावर आले.

खरी पंचाईत पुढेच झाली. सुलभाकाकूंनीही मासे सोडले. फ्रीजरमधलं होतं नव्हतं ते खालच्या चिनी आंटीला देऊन टाकलं. हे समोर दहीभात कालवत बसणार आणि मी तळलेलं पापलेट खाणार, मला नाही जायचं घशाखाली, एवढंच म्हणाल्या. काकांनी विनवण्या केल्या, रुसून पाहिलं, बाहेरून फिश करी मागवून पाहिली. काकूंनी ती झाकून ठेवली आणि मटकीची उसळ खाल्ली.

हे काकांना अंगठ्यापेक्षा जास्त दुखायचं. एका संध्याकाळी ब्लॉकखालच्या बेंचवर पाय लांब करून बसले होते, मला म्हणाले, "निखिल, गुन्हा माझ्या अंगठ्याचा आणि जन्मठेप तिला. माहेरी खाडीकाठी वाढलेली बाई ती. एवढं एक सोडवायचंय मला."

त्याच रविवारी ते वेट मार्केटमधून, म्हणजे इथल्या मासळीबाजारातून, पिशवी घेऊन आमच्या दारात हजर झाले. पिशवीत ताजी पापलेटं. आम्ही नवराबायको पुण्याचे, दोघंही शाकाहारी घरातले. मासे खायला शिकलो ते इथे सिंगापूरला, पण घरी कधी शिजवले नव्हते. माझी बायको मीनल तसं म्हणालीही. काका म्हणाले, त्यात काय आहे, तू आमटी करतेस ना, तस्संच कर. अगदी तुझ्या पद्धतीने.

मीनलने विश्वास ठेवला. मोहरी-हिंगाची फोडणी केली, कढीपत्ता टाकला, गोडा मसाला घातला, चिंच घातली, आणि चिंच घातली म्हणून सवयीने गूळही घातला. त्यात पापलेटाच्या तुकड्या सोडल्या. तो वास कॉरिडॉरमधून शेजारी पोचला असावा, कारण थोड्याच वेळात आमचं लोखंडी गेट वाजलं. दारात काकू.

"काय शिजतंय?" त्यांनी अगदी हळू विचारलं, आजाऱ्याची चौकशी करावी तसं.

पातेल्यात डोकावल्यावर त्यांनी आधी गॅस बंद केला. गूळ घातलास का, असं विचारलं. चमचाभर, असं मीनल म्हणाल्यावर त्या स्टुलावर बसल्या. मग पदर खोचून उठल्या. तुकड्या बाहेर काढून हळुवार धुतल्या, लसूण ठेचला, तिखट-हळद, चिंचेचा कोळ, नारळाचं दूध, सगळं नव्याने मांडलं. कालवण उकळलं तसं मीठ बघायला थोडंसं तळहातावर घेतलं. मग परत थोडंसं. मग मीनलने ताटात भात वाढला, आणि काकू जेवायला बसल्या.

मी खाली गेलो. काका बेंचवर बसून होते.

"जेवली?"

जेवल्या, मी म्हणालो.

"काटे चोखले?"

चोखले, म्हटल्यावर त्यांनी जवळची बार्लीच्या पाण्याची बाटली एका दमात संपवली. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की इतकं निवडून आणलेलं पापलेट त्यांनी जाणूनबुजून आमच्या स्वयंपाकघरात बिघडवायला दिलं होतं. बिघडलेला मासा काकूंना बघवणार नाही, आणि सुधारायला घेतला की चाखावाच लागेल, असा त्यांचा हिशेब.

तेव्हापासून दर रविवारी हेच. काका सकाळी मार्केटला जातात, माशांचे कल्ले उचलून बघतात, पोट दाबून बघतात, शेजारच्या गिऱ्हाइकांनाही मासे निवडून देतात. मासेवाला चिनी अंकल एकदा न राहवून म्हणाला, "यू ऑलवेज चूज, नेव्हर ईट. व्हाय लाइक दॅट?"

"माय बॉस नॉट अलाउइंग," काका म्हणाले. अंकलने हळहळून एक बांगडा फुकट टाकला.

आमची अडचण वेगळीच झाली. दर आठवड्याला काकूंच्या शेजारी उभं राहून मीनल कालवण करायला शिकली, आणि फार छान शिकली. काकांच्या कानावर हे गेल्यावर ते घाबरून आले. तू शिकलीस हे तिला कळलं तर तिचं येणं बंद होईल, बिघडव बाई, असं त्यांनी मीनलला हात जोडून सांगितलं. मग मीनल बिघडवण्याचे नवे मार्ग शोधू लागली. कधी सुरमईत दाण्याचं कूट, कधी मेतकूट. काकूंनी कपाळाला हात लावायचा आणि पुढचं सगळं करायचं. आमची लेक आर्या ते बघून सिंगापुरी सुरात म्हणायची, "आई, समटाइम्स यू आर सो वियर्ड, लाह."

काकूंची एकच गोष्ट आम्हाला चमत्कारिक वाटायची. जेवण झालं की त्या बेसिनपाशी नुसत्या पाण्याखाली बोटं धरायच्या. मीनलने त्यांच्यासाठी मुद्दाम लिंबाच्या वासाचा लिक्विड सोप आणून ठेवला होता, त्याला हात म्हणून लावायच्या नाहीत. आम्ही मनात म्हटलं, असेल सीकेप्यांची काही रीत.

गेल्या महिन्यात साहेब पुन्हा खवळले. एका लग्नात काका दिवसभर धावपळ करत राहिले आणि पाणी प्यायचं विसरले, तेवढं निमित्त पुरलं. रविवारी त्यांना उठवेना. मग मी मार्केटला गेलो आणि व्हिडिओ कॉल लावला. काका पलंगावरून हुकूम सोडत होते, मी मासे उलटेपालटे करत होतो. अंकलने फोनमध्ये डोकावून विचारलं, "बॉस स्कोल्ड यू अगेन, आह?" काकांनी खिन्नपणे मान डोलावली.

घरी आलो. मीनलने कालवण टाकलं आणि सवयीने दाण्याच्या कुटाचा डबा उघडला, तोच काकू आत आल्या. वास सुटायच्या आधीच आल्या होत्या. त्यांनी मीनलचं मनगट धरलं.

"राहू दे ते कूट. तुला माझ्यापेक्षा चांगलं येतं आता. मी तशीही येईन."

मीनलने डबा बंद करत विचारलं, तुम्हाला कधी कळलं.

"पहिल्याच दिवशी," काकू म्हणाल्या. "इतकं चांगलं पापलेट निवडायचं आणि त्यात गूळ पडू द्यायचा, हे एका माणसाच्या हातून होत नाही. निवड ह्यांचीच होती. ह्यांना बोलू नका. मला खाऊ घातल्याचं फार समाधान आहे त्यांना."

मग त्या जेवल्या, नेहमीसारखं नुसत्या पाण्याने हात धुतला आणि घरी गेल्या. मी फ्रीजरमधला बर्फ पंच्यात गुंडाळला. एकदा काकांनी माझ्यासाठी आणला होता, आज माझी पाळी होती, आणि ही पाळी आल्याचं मला मनापासून बरं वाटत होतं.

त्यांचं दार उघडं होतं. काका आरामखुर्चीत, पाय उशीवर. काकू शेजारी स्टुलावर. काकूंचा उजवा हात काकांनी दोन्ही हातांत धरला होता आणि बोटं नाकाशी नेऊन डोळे मिटून बसले होते.

"चिंच बरोबर पडलीय आज," ते म्हणाले. "लसूण जरा पुढे आलाय. पोटाकडची तुकडी होती?"

"हो," काकू म्हणाल्या, आणि हात तसाच राहू दिला.

मी गेटपाशीच थांबलो. मग पाय न वाजवता परत आलो आणि मीनलला पाहिलं ते सांगितलं. बेसिनवरची लिंबाच्या वासाची बाटली तिने उचलली आणि आतल्या कपाटात ठेवून दिली.