ठणका वेगळा आणि कळ वेगळी

दामूला "काय, कसं काय?" असं विचारायचं नाही, हे आमच्या पेणच्या चाळीत नव्या भाडेकरूला नळाची वेळ सांगण्याआधी सांगितलं जायचं. जगातली इतर माणसं या प्रश्नाला "मजेत" म्हणतात आणि पुढे जातात. दामू थांबायचा, हातातली पिशवी खाली ठेवायचा आणि उत्तर द्यायचा.

"डावा गुडघा सकाळधरनं धरलाय. कळ नाय, रग हाय. पाठीत कालची चमक होती ती गेली, पण तिच्या जागी जडपना ऱ्हायलाय. बोटांना मुंग्या. बाकी बरा हाय."

हे सगळं संडासाच्या रांगेत. मागे उभ्या असलेल्या माणसाची काय अवस्था होत असेल, याचा विचार या गृहस्थाने कधी केला नाही.

दामू एका गणपतीच्या कारखान्यात आखणी करायचा, म्हणजे मूर्तींचे डोळे काढायचा. तिशीतला, अंगाने काडी, डोळ्यांत कायम पिवळट झाक. आईबाप लहानपणीच गेलेले, लग्न केलेलं नाही. त्याला सिकलसेल होता. मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात रक्त तपासल्यावर ते कळलं. नव्वद सालाच्या आगेमागे हे नाव आमच्याकडे कोणाला ठाऊक नव्हतं, पण दामूने ती उणीव एकट्याने भरून काढली.

"मास्तर, तुमच्या रगतातल्या पेशी गोल. माज्या वाकड्या, विळ्यावानी. बारीक नसंत जाऊन आडकतात. मंग आपला कार्यक्रम सुरू."

मी शाळेत विज्ञान शिकवायचो. तरी हा माझी रीतसर उजळणी घ्यायचा.

'दुखतं' हा शब्द त्याला चालत नसे. दुखतं म्हणजे काय, तर काहीच नाही, असं त्याचं मत. ठणका वेगळा आणि कळ वेगळी. कळ निघते, ठणका बसतो. चमक येऊन जाते, शिणक मुक्कामाला राहते. माझी बायको एकदा सहज "डोकं दुखतंय" म्हणाली, तर हा उंबऱ्यात ठाण मांडून बसला.

"वैनी, ठसठसतंय का जड झालंय? ठसठसत आसंल तर कुठल्या आंगाला?"

तोवर तिचं डोकं साधं दुखत होतं. त्यानंतर ते खरोखर उठलं, आणि रात्रीचा स्वयंपाक मला करावा लागला.

"वाढवून सांगायचं नाय, कमी करून सांगायचं नाय," असं तो अभिमानाने म्हणायचा. दुखण्यात कसला आलाय अभिमान? पण त्याला होता.

आधी आधी लोक त्याची विचारपूस करायला यायचे. आजाऱ्याला भेटायला येणाऱ्याची अपेक्षा तशी माफक असते. आजाऱ्याने "आता बरं आहे" म्हणावं, आपण "काळजी घ्या" म्हणावं, चहा घ्यावा, उठावं. दामू डोक्यापासून सुरुवात करायचा. कमरेपर्यंत येईतो चहा निवलेला असायचा आणि पाहुणा दाराकडे बघायला लागलेला असायचा. हळूहळू यायचे सगळेच बंद झाले. उरलो मी. आमची भिंत एक होती, त्यामुळे मला पळायला जागा नव्हती.

खरी पंचाईत डॉक्टरांपुढे व्हायची. दुखणं फार वाढलं की गोळ्यांनी काही होत नसे, इंजेक्शनच लागे. आणि ते कोणी देत नसे. त्याला कारण होता दामूचा चेहरा. कारखान्यात म्हाताऱ्या कारागिराने त्याला लहानपणी शिकवलं होतं, की डोळे काढताना आपला चेहरा जसा, तसा मूर्तीचा होतो. कपाळाला आठी आली तर देव रागीट दिसतो आणि गिऱ्हाईक मूर्ती नेत नाही. तेव्हा हात गुंतला की चेहरा प्रसन्न ठेवायचा. दामूने ते इतकं अंगी लावून घेतलं, की हाडं आतून पिळवटत असली तरी हा भुवया किंचित उचलून, ओठांत हसू ठेवून बसायचा. वर तोंडाने अगदी मुद्देसूद वर्णन.

पेणमधल्या ज्या डॉक्टरांकडे तो जायचा, त्यांनी मला एकदा बाजूला घेतलं. "मास्तर, एवढं दुखत असतं तर हा एवढं बोलला असता का? सवय लागलीय इंजेक्शनची," म्हणाले, आणि साध्या गोळ्या देऊन वाटेला लावलं. त्या खेपेला तो चार दिवस भिंतीपलीकडे नुसता पडून होता. दामूवर कोणाचा विश्वास बसला नाही तर तो एक दिवस असाच भिंतीकडे तोंड करून संपणार, ही भीती माझ्या मनात तेव्हा बसली. आणि भीती बसली की मला राग येतो.

"दामू, अरे जरा कण्हत जा. विव्हळ. लोक साधं बोट कापलं तर दवाखाना डोक्यावर घेतात."

"उगाच कसं कन्हायचं, मास्तर?"

पुढच्या वेळी मी त्याला घरून तालीम करून नेलं. डॉक्टरांनी गुडघ्याला हात लावला, मी मागून चिमटा काढला, आणि दामू त्या प्रसन्न मुद्रेने म्हणाला, "आई गं." लगेच खुलासाही केला. "ही आई गं उगाच होती, डाक्टर. मास्तरांनी सांगितलेली. खरी कळ आजून यायची हाय." कंपाउंडरला हसू आवरेना. मला तिथेच जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

त्या वर्षी गणपतीच्या आदल्या आठवड्यात माझ्या रोह्याच्या सासऱ्यांची मूर्ती पोचवायची होती. कारखान्याचा टेम्पो रोह्याला निघाला होता, त्यात मी बसलो. वाटेत रंग खरवडला तर दुरुस्त करायला दामूही आला. गडब गाव मागे पडलं आणि पावसाने जोर धरला. नागोठण्यापाशी रस्त्यावर पाणी आलेलं. टेम्पो थांबला, वाऱ्याने ताडपत्री सुटली, आणि मी नको नको म्हणत असताना हा खाली उतरून ती धरून उभा राहिला. गार पाण्यात भिजणं त्याला विषासमान, हे त्यानेच मला शंभरदा समजावून सांगितलं होतं.

"देव भिजला तर रंग उतरंल, मास्तर."

"आणि तू भिजलास तर?"

त्याने ताडपत्रीचं टोक आणखी घट्ट आवळून धरलं.

नागोठण्याहून रोह्याला जाणारा खिंडीतला रस्ता बंद होता, म्हणून टेम्पो कोलाडवरून वळसा घेऊन निघाला. वाटेतलं खांब गाव येईपर्यंत दामूचे ओठ निळसर झाले.

"छातीत आलंय, मास्तर. ही न्हेमीची नाय. श्वास घेतला की आतून सुरी फिरते."

मी त्याच्यावर ओरडलो, "आता डॉक्टरपुढे तुझा शब्दकोश उघडू नकोस. नुसतं 'मरतोय' म्हण."

"पन आजून मरत नाय ना."

अशा माणसाचं काय करायचं, सांगा.

रोह्याला बाजारात एका डॉक्टरीणबाईंचा छोटा दवाखाना होता. वयाने लहान, चष्मा लावलेल्या. दामूला खाटेवर टेकवलं आणि त्यांनी विचारलं, "कुठे दुखतं?" मी डोळे मिटून घेतले. दामूने भुवया उचलल्या, ओठांत हसू आणलं आणि धाप लागत असतानाही सुरुवात केली. रक्ताचं, विळ्यांचं, मग पाठीचं, मग बरगड्यांचं. मला राहवेना. मी म्हणालो, "बाई, हा असंच बोलतो, पण याला खरंच..."

त्यांनी हात वर करून मला गप्प केलं. नर्सला ऑक्सिजन लावायला सांगितला, इंजेक्शन भरायला घेतलं आणि त्याचं मनगट धरून विचारलं, "श्वास आत घेताना कळ येते, की सोडताना?"

"आत घेताना."

"आणि सोडल्यावर ठणका राहतो?"

"ऱ्हातो. तुमाला कसं ठावं?"

"मी नागपूरकडे शिकले," बाई म्हणाल्या. "तिकडे या आजाराचे पुष्कळ पेशंट पाहिलेत. तुम्ही सांगाल तेवढंच आहे असं मी धरणार. कमी नाही, जास्त नाही. बोला."

दामूने तोंड उघडलं. ते ओठांतलं हसू आधी थरथरलं, मग वाकडं झालं.

"दुकतं वो, बाय," तो म्हणाला. "लय दुकतं."

आणि तो मोठ्याने रडायला लागला, इतक्या मोठ्याने की बाहेर बाकावर बसलेले लोक उठून दारात आले. मला भयंकर वाईट वाटलं, आणि खोटं कशाला बोलू, सुटल्यासारखंही वाटलं.

इंजेक्शन देऊन, सलाईन लावून झाल्यावर बाईंनी विचारलं, "दोनतीन दिवस ठेवावं लागेल. छातीचं आणखी वाढलं तर मुंबईला हलवू. यांच्या घरचं कोण आहे?"

मी सांगायला तोंड उघडलं. त्याचं कोणी नाही, हे जरा बऱ्या शब्दांत कसं सांगावं याची जुळवाजुळव करत होतो. तेवढ्यात दामूच डोळे मिटल्या मिटल्या म्हणाला, "मास्तर हायेत."

पुढे काहीतरी तपशील येईल म्हणून मी थांबलो. काही आला नाही. त्याला ग्लानी आली होती.

बाहेर टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. मी दारात जाऊन त्याला मूर्ती सासऱ्यांकडे उतरवायला सांगितलं, मला उशीर होईल असा निरोप दिला आणि आत येऊन स्टूल खाटेजवळ ओढलं.