कवेत न मावणारी झाडं

वानखेडेकाका झाडाचं माप मिठी मारून घेतात. टेप खिशात असते, ती लोकांना पटवायला. दोन्ही हातांची बोटं एकमेकांना शिवेनाशी झाली की म्हणतात, "हे पास!" शेजारचा शेतकरी बांधावरून ओरडतो, "बाबूजी, ऊपर से भाभीजी देख रही हैं!" काकू गेल्याला बरीच वर्षं झाली. काका तरी हसतात.

काका मूळचे अमरावतीचे, सरकारी नोकरीतून रिटायर होऊन दिल्लीत मयूर विहारला एकटेच राहतात. पानिपतजवळच्या शेतात त्यांनी लाकडासाठी पॉपलरची झाडं लावली आणि राखणीला मला न् माझ्या नवऱ्याला ठेवलं. मी परभणीची, आठवीत शाळा सुटलेली. घराबाहेर माझ्याशी मराठीत बोलणारा इथं हा एकच माणूस.

पहिल्या थंडीत सगळी पानं गळाली. आमच्याकडं भर थंडीत झाड असं बोडकं झालं म्हणजे ते गेलंच. माझंच पाणी कमी पडलं म्हणून मी रडत फोन केला.

"अगं, झोपलीत ती," काका म्हणाले. "तूही झोप."

यंदा झाडं तोडणीला आली आणि माझी झोप उडाली. शेत रिकामं झाल्यावर राखणदार कशाला? विचारायची हिंमत होईना. काकांची काळजी वेगळीच. लाकूड घेणारा ठेकेदार आला की पहिला प्रश्न, "इसका बनेगा क्या?"

"माचिस, बाबूजी."

"माचिस? सहा वर्षं हवेतला कार्बन गिळून बसलंय बिचारं, और तुम एक तीली में उड़ा दोगे? चलो, चाय पियो और निकलो!"

दुसरा खोकी करणार होता. "आज पेटी, कल चूल्हा. बिल्कुल नहीं!"

तिसरा म्हणाला, "प्लाय बनेगी. ऐसे दरवाज़े कि आपके पोते खोलेंगे."

काकांचा नातू कॅनडात असतो. ते म्हणाले, "कोई भी खोले. काटो."

तोडणीआधी त्यांनी एकेका झाडाला मिठी मारली. टेप काढलीच नाही. मी आमची भांडी पोत्यात भरून ठेवली.

जानेवारीत ट्रॉलीतून नवी रोपं आली. रोपं कसली, बिनपानांच्या लांब काठ्या. काकांना दारातलं पोतं दिसलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"कुठं निघालीस?"

"तुम्ही आता ठेवता की नाही, म्हणून..."

"मी?" काकांनी काठ्यांकडे बोट केलं. "झाडं गेली की तुम्हीच जाल, म्हणून मी ट्रॉलीची घाई केली."

त्यांनी एक काठी माझ्या हातात दिली. "ही ओळ तुझी. कवेत मावेनाशी होईपर्यंत हलायचं नाही."

मी माप घेतलं. अंगठा न् बोट सहज जुळलं. अजून पुष्कळ वर्षं होती.